तिला म्हनावं, दिवे अंधुक हायेत

गाडीचे दिवे प्लॅस्टिकचे असू शकतात हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसल्याची शिक्षा मात्र मी एकटीनं भोगली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आजही कोणी मला म्हणालं की "अहो, किती जुनी गोष्ट ती, सोडून द्या आता," तर मी त्याला विचारते, घरच्या शेडमध्ये गाडी उभी असताना तुम्ही कधी फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहिला आहात का? राहिला असाल तर बसा, चहा घ्या. नसाल तर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

आमचं घर राहुरीजवळ मळ्यात. घरात आम्ही चौघं: सासूबाई, थोरले दीर, माझे यजमान आणि मी. जाऊबाई मुलांच्या शिक्षणासाठी नगरला खोली करून राहत. दीर शेती बघत आणि शेतीपेक्षा गाव जास्त बघत. यजमान कृषी विद्यापीठात नोकरीला, जायला-यायला त्यांची स्कूटर. मी राहुरी-नगर रस्त्यावरून आत असलेल्या एका गावात झेडपीच्या शाळेत शिक्षिका. सकाळी मळ्यातून चालत रस्त्यापर्यंत, तिथून एसटी, मग फाट्यावर उतरून पुन्हा चालत शाळा. संध्याकाळी हेच सगळं उलट. सकाळचं एक वेळ ठीक होतं, पण संध्याकाळची बस म्हणजे कंडक्टरच्या मर्जीचा मामला. भरलेली असली की थांबायची नाही, आणि भरलेली ती कायमच असायची. थंडीच्या दिवसांत फाट्यावरच अंधारून यायचं. उसाच्या ट्रॉल्या डुलत जायच्या, चहाच्या टपरीवरची माणसं आमच्याकडे बघत बसायची, आणि आम्ही पाच-सहा बायका दिसेल त्या वाहनाला हात करायचो.

तर अशात यजमानांनी गाडी घेतली. विद्यापीठातले एक प्राध्यापक बदलून जात होते, त्यांची. पांढरी, फार वापरलेली नाही, आणि नव्या धर्तीची. आमच्याकडच्या जीपांना आणि ट्रॅक्टरला असतात तसे तिचे दिवे गोल काचेचे नव्हते, लांबट होते. गाडी घेताना यजमान सगळ्यांसमोर म्हणाले होते की ही हिच्यासाठी. नुसतं म्हणाले नाहीत, रविवारी विद्यापीठातल्या रिकाम्या रस्त्यावर नेऊन मला चालवायलाही शिकवली, लायसनही काढून दिलं. त्याबद्दल त्यांचं कौतुक काय झालं! नातेवाईक म्हणाले, वा, बायकोला गाडी शिकवली. शेजारी म्हणाले, असा नवरा मिळायला नशीब लागतं. शिकले मी, घाम माझा गेला, रिव्हर्स घेताना बांधावर चढले मी, आणि हार पडले त्यांच्या गळ्यात. बरं, पडू देत. मला हाराची हौस नव्हती, मला किल्ली हवी होती.

किल्ली माजघरातल्या खुंटीला टांगलेली असे. आणि घोडं पेंड खायचं ते तिथंच.

आमच्याकडे एक रीत होती. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. यात वाकडं काही नाही, मानाची गोष्ट समजत. मीही त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेत असे. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते माझ्या यजमानांकडे नाहीतर सासूबाईंकडे बघून म्हणत, "तिला म्हनावं..." मी तिथंच समोर भाकरी वाढत उभी असले तरी, "तिला म्हनावं, मीठ कमी झालंय." ऐकायला गमतीचं वाटतं. पण या रितीचा एक फायदा होता आणि तो सगळा त्यांचा होता. जो माणूस तुमच्याशी बोलतच नाही, त्याच्याशी वाद कसा घालणार?

मी गाडी शाळेत न्यायचा विषय काढला तेव्हा पहिला निरोप आला, "तिला म्हनावं, हात बसू दे जरा." हात बसला. मग आला पितृपंधरवडा. "तिला म्हनावं, पितरांच्या दिवसांत कुनी नवं काम काडतं का? दसरा हू दे." हेही मी मानलं. दसऱ्याला गाडीची पूजा होईल, संध्याकाळी शिलंगणाला वेशीपर्यंत गाडी मीच चालवत नेईन आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला घेऊन जाईन, असं चौघांच्या साक्षीनं ठरलं. मी शाळेतल्या बाईंनाही सांगून बसले. म्हणतात ना, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तसं मला वाटलं होतं. शेपटीलाच सगळा जोर असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी पहाटे सासूबाई उठल्या. अंगण सारवलं, अवजारं धुतली, ट्रॅक्टर धुतला आणि मग गाडीकडे वळल्या. कालव्याच्या रस्त्यावरून आल्यामुळं गाडीच्या दिव्यांवर किडे चिकटून वाळले होते. सासूबाईंचा उभा जन्म कंदिलाच्या काचा पुसण्यात गेलेला. आमच्याकडे वीज असून नसल्यासारखी, तेव्हाही संध्याकाळी कंदील तयार ठेवावाच लागे. काच कशी पुसायची हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. चुलीतली गोवरीची बारीक राख, ओली करून, आणि चिकट काही असलं तर काथ्या. त्यांच्या हातची काच अशी निघायची की कंदिलाला काच आहे की नाही हे हात लावून बघावं लागे. त्याच मायेनं त्यांनी गाडीचे दोन्ही दिवे राखेनं घासले. चांगले खसाखसा घासले. मग पाणी ओतलं, हळदी-कुंकू लावलं, झेंडूचा हार बांधला. ओले होते तोवर दिवे लख्ख दिसत होते. मी स्वतः बघितले आणि सासूबाईंना म्हटलंही, "आत्या, काय चमकवलेत हो!"

संध्याकाळी शिलंगणाला निघायच्या वेळी हार सरकवून हळद-कुंकू पुसलं तेव्हा खाली वाळलेलं सगळं पांढरं. दोन्ही डोळ्यांत फूल पडावं तसं. यजमानांनी दिवे लावून बघितले तर उजेड असा पडला की ताकातून गाळून यावा. रस्ता दिसेना, नुसता पुढं एक धुरकट पट्टा.

अंगणात सोनं द्यायला आलेली माणसं होती, आपट्याची पानं हातात घेतलेली. त्या सगळ्यांसमोर दीर आईवर ओरडले. "कुनी सांगितलं हुतं तुला हात लावायला? भांडी हायेत का ती घासायला? लाखाची गाडी आंधळी करून ठिवली!" माणसं हसली. एकजण म्हणाला, म्हातारीनं कंदील समजून घासला. पुन्हा हशा. सासूबाई हातातलं ताट तसंच धरून उभ्या राहिल्या. त्यांना कोणी ओरडलं म्हणून रडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, पण त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ज्या बाईनं आयुष्यभर यांना उजेड पुसून दिला तिला असं बोलायचं? आणि दिवे प्लॅस्टिकचे आहेत हे त्या हसणाऱ्यांतल्या एकाला तरी आधी ठाऊक होतं का? मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं कोणाला वाटेल. मी बोलले. यजमानांना बोलले, मोठ्यानं, दिरांना ऐकू जाईल असं. दिरांनी न ऐकल्यासारखं केलं. ती रीतच होती ना.

त्या दिवसापासून सासूबाई गाडीला वळसा घालून जाऊ लागल्या. गोठ्यात जायचा रस्ता शेडमधून होता, तरी त्या मागून फिरून जात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्लीकडे हात नेला तेव्हा निरोप तयारच होता. "तिला म्हनावं, दिवे अंधुक हायेत. सांजच्याला उसाच्या ट्रॉल्या असत्यात रस्त्यानं, मागं ना लाल कापड ना दिवा. बाईमानसाला झेपायचं न्हाई."

मी यजमानांना म्हटलं, "अहो, मी शाळेत रात्री जाते का? शाळा सुटते तेव्हा ऊन असतं. अंधार होतो तो बसची वाट बघण्यात. गाडीनं आले तर उन्हात घरी येईन. दिवे लावायची वेळच येणार नाही." हे मी इतकं सरळ मांडलं होतं की तिसरीतल्या मुलाला कळलं असतं. यजमान एम.एस्सी. होते. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण दादांचंही चूक नाही."

हे वाक्य मी आयुष्यात सगळ्यात जास्त ऐकलं आणि सगळ्यात जास्त त्याचाच मला संताप आला. दोघांचंही बरोबर असतं तेव्हा गाडी शेडमध्ये राहते आणि बाई फाट्यावर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी मुलांना फळ्यावर अर्थ सांगून शिकवत होते, त्याच आठवड्यात. मुलांना काय कळणार, त्यांच्या बाईच सोनूबाई आहेत म्हणून.

नवे दिवे बसवायचे तर ते नगरला मिळत नव्हते. दुकानदार म्हणाला पुण्याहून मागवावे लागतील. मागवतो, असं दीर म्हणाले. मागवू, असं यजमान म्हणाले. आणि दोघंही स्वस्थ बसले, कारण अडलं कोणाचं होतं?

अडलं माझं होतं, म्हणून हात मीच घातला. दिवाळीची सुट्टी लागली. मला एक गोष्ट ठाऊक होती. माझ्या मनगटी घड्याळाची काच प्लॅस्टिकची होती आणि खडूच्या धुळीनं, फळ्याला घासून तिच्यावर चरे पडत. ती मी दात घासायच्या पांढऱ्या पेस्टनं चोळून साफ करत असे. लहान चरे जात. तेव्हा म्हटलं, घड्याळाला चालतं ते दिव्याला का चालू नये? नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सगळ्यांचा फराळ तळून झाल्यावर मी पेस्टची नळी आणि सुती फडकं घेऊन गाडीसमोर पाटावर बसले. दंड भरून येईपर्यंत चोळलं. पेस्ट संपली, गाडीला पुदिन्याचा वास यायला लागला, दिवे तसेच. राखेचे चरे खोल होते. ते भरून निघणार नव्हते. त्यांच्या तळापर्यंत सगळं प्लॅस्टिक खरवडून सपाट केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणजे आधीच आंधळ्या दिव्याला आता आणखी घासायचं होतं.

राहुरीत रंगाच्या दुकानातून मी वॉटर पेपर आणला. पाण्यात भिजवून घासायचा पॉलिशपेपर असतो तो. एक जरा खरखरीत, एक बारीक आणि एक इतका गुळगुळीत की तो घासतो यावर विश्वास बसू नये. दुकानदारानं विचारलं, लाकडाला हवा का पत्र्याला? मी म्हटलं, दिव्याला. तो हसला. त्या वर्षी मी हसणाऱ्यांचा हिशोब ठेवायचं सोडून दिलं होतं.

दिव्याच्या कडेनं चिकटपट्टी लावली, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. बादलीत पाणी घेतलं, तेही प्यायचं. आमच्या बोअरचं पाणी जड, भांड्यावर पांढरे डाग पाडणारं. त्यात साबणाचा हात मारला आणि खरखरीत कागद आडवा फिरवायला लागले. आडवाच, गोल नाही. गोल फिरवलं तर कोणती रेघ राखेची आणि कोणती आपली हे कळत नाही. दुधासारखं पाणी ओघळायला लागलं. पुसून बघितलं तर दिवा आधी धुरकट होता तो आता सबंध पांढरा, दुधी काचेसारखा. दीर तेवढ्यात तिथून गेले. गोठ्याकडे तोंड करून, म्हशीला सांगावं तसं म्हणाले, "आता तर पार कामातनं गेला." म्हशीनं काही उत्तर दिलं नाही. मी कागद पाण्यात बुडवला.

मग बारीक कागद, उभा. आधीच्या आडव्या रेघा एकही शिल्लक राहीपर्यंत. मग गुळगुळीत कागद, पुन्हा आडवा. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली, एका बोटाचं साल निघालं, लाडू वळताना मीठ लागल्यासारखं झोंबायचं. एक बैठक झाली की पाहुणे येत, चहा टाकायला उठावं लागे. परत येऊन बघावं तर पाणी वाळून दिवा आणखीनच भकास दिसे. दोनदा तर मला वाटलं की आपण हे घालवलंच. पण शेवटच्या कागदानंतर ओल्या फडक्याखालून आतला बल्ब दिसायला लागला. आणि मग नव्या नळीतली पेस्ट, जुन्या धोतराचं मऊ फडकं, आणि चोळणं. चोळत गेले तसा पांढरेपणा कडेकडेला सरकला आणि मधून दिवा उघडा झाला, स्वच्छ. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. जवळ आल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "निघालं का गं?" मी म्हटलं, "निघालं, आत्या." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या. माझे डोळे भरून आले ते काही दिव्यांसाठी नव्हे.

उजव्या दिव्याच्या कोपऱ्यात एक चंद्रकोरीसारखा ओरखडा राहिला, त्यांच्या पाटलीचा. तो फार खोल होता. मी तो तसाच राहू दिला.

त्या संध्याकाळी यजमानांनी दिवे लावले तर गोठ्याच्या भिंतीवर उजेड असा पडला की भिंतीतली शेणाची बोटं दिसली. डावा दिवा जरा आभाळाकडे बघायचा, तो तसा पहिल्यापासूनच होता. पण उजेड कसा, खणखणीत. भाऊबिजेला आलेल्या पाहुण्यांना यजमान सांगत होते, "नवे कशाला आणायचे? आम्ही घरीच केले." आम्ही! मी सुपारी कातरत होते, अडकित्ता जरा जोरात दाबला एवढंच.

आणि मग शाळा उघडली. मी सकाळी तयार होऊन माजघरात आले तर खुंटी रिकामी.

दिवे चांगले झाल्याबरोबर घरातल्या सगळ्यांना संध्याकाळची कामं आठवली होती. तुळशीची लग्नं लागली, पाठोपाठ माणसांची सुरू झाली. कोणाची सुपारी फुटायची, कोणाचा टिळा, कोणाच्या आजारी मामाला बघायला जायचं, जाऊबाईंकडे धान्य पोचवायचं. दीर गावातल्या मंडळींना गाडीत घालून संध्याकाळचे निघत. "चला की, दिवे कसले फस्कलास झालेत," म्हणत. आयजीच्या जिवावर बायजी उदार! दिवसा गाडी नेईन म्हटलं तर निरोप, "तिला म्हनावं, ती यायची सहाला आन् मला निघायचं पाचला. मंग कसं जमायचं?" म्हणजे दिवे अंधुक होते तेव्हा गाडी मला न्यायची नव्हती, कारण दिवे अंधुक होते. आणि दिवे लख्ख झाले तेव्हा गाडी मला न्यायची नव्हती, कारण दिवे लख्ख होते. यजमान म्हणाले, "लग्नसराई संपू दे, तुझं बरोबर आहे." मी पुढचं वाक्य ऐकायला थांबले नाही.

तरी इथपर्यंत मी सहन केलं. पुढचं सांगताना अजूनही माझा आवाज चढतो.

लग्नसराईतल्याच एका शनिवारी, शाळा अर्धा दिवस असूनही, शिक्षकांची केंद्राची बैठक होती आणि शाळेतून निघायला उशीर झाला. फाट्यावर आले तेव्हा दिवस मावळला होता. एक बस भरून गेली, दुसरी न थांबताच गेली. बाकीच्या बायका एका टेम्पोत मागं चढून गेल्या, त्यात मला जागा झाली नाही. मी एकटीच उरले. टपरीवाला शटर ओढत होता. अशात नगरच्या बाजूनं दोन दिवे आले. लांबूनच मला ते ओळखू आले. एक सरळ बघणारा आणि एक आभाळाकडे बघणारा, आणि उजेड एवढा स्वच्छ की रस्त्याच्या कडेचं गवत मोजावं. माझे दिवे! मला इतकं हायसं वाटलं की मी रस्त्यापर्यंत पुढं गेले, हसले, आणि हात केला.

उजेड माझ्या तोंडावर आला. पायापासून डोक्यापर्यंत मी त्या उजेडात उभी होते. माझी साडी, पर्स, डब्याची पिशवी, सगळं. आणि गाडी निघून गेली. वेगसुद्धा कमी झाला नाही. टपरीच्या बल्बपुढून जाताना आतलं दिसलं: चालवत होते दीर, आणि शेजारी बसले होते माझे यजमान. मागच्या सीटवर कोणी नव्हतं, फक्त गोडेतेलाचा एक डबा होता. तेलाचा डबा बसून घरी गेला.

मी एका दुधाच्या टेम्पोतून घरी पोचले. अंगणात गाडी होती, बॉनेट अजून गरम. मी यजमानांना सगळ्यांसमोर विचारलं, "मी हात केला तेव्हा तुम्ही बघितलं नाही?"

"अगं, बघितलं," ते म्हणाले. "पण कोणीतरी बाई हात करतेय एवढंच वाटलं. तू असशील असं वाटलं नाही."

"कोणीतरी बाई असती, अंधारात एकटी, तर तिला टाकून जायचं?"

दीर हात धूत होते. सासूबाईंकडे बघून म्हणाले, "तिला म्हनावं, मी वळखलं हुतं. पन बस येतच हुती की मागनं. उगा भर रस्त्यात कशाला थांबायचं?"

ओळखलं होतं. माझ्या हाताची सालं काढून मी जे दिवे उजळले त्यांच्या उजेडात एकानं मला ओळखलं नाही आणि दुसऱ्यानं ओळखून गाडी पुढं काढली. त्या दोघांत मला जास्त राग कोणाचा आला ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मी जेवले नाही. सासूबाईही जेवल्या नाहीत, पण हे मला सकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी बादलीत पाणी घेतलं, मोरीतला काथ्या घेतला, चुलीच्या वैलाजवळची मूठभर राख घेतली आणि पाट टाकून गाडीसमोर बसले. लपूनछपून नाही, चांगली उन्हं आल्यावर, भर अंगणात. पहिला हात फिरवायच्या आधी मात्र थांबले. किती कष्टानं काढलं होतं ते! एवढ्यात माझ्यामागं सावली पडली. सासूबाई होत्या. दसऱ्यापासून त्या पहिल्यांदाच गाडीच्या इतक्या जवळ आल्या होत्या.

त्यांनी माझ्या हातातली राख बघितली आणि मान हलवली. "ही लाकडाची हाय पोरी, भरड. हिनं न्हाई हुयाचं." आणि त्यांनी पदराखालून चाळणीनं चाळलेल्या गोवरीच्या राखेचं टमरेल काढलं. "ही घे. लई बारीक हाय." मग दुसऱ्या दिव्यासमोर खाली बसल्या, पाटल्या वर सारल्या आणि घासायला लागल्या.

आम्ही दोघी दोन दिव्यांपुढं. काथ्याचा आवाज तेवढा येत होता. तो ऐकून दीर तोंडात कडुलिंबाची काडी तशीच धरून बाहेर आले, मागोमाग यजमान.

"आये! आगं काय करती हे?" दीर ओरडले. "परत तेच! दसऱ्याला एक डाव केलंस, तेवढ्यानं भागलं न्हाई व्हय?"

सासूबाईंनी हात थांबवला नाही. "तवा मला ठावं न्हवतं," त्या म्हणाल्या. "आज ठावं हाय."

आणि मग दीर माझ्याकडे वळले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघून, मलाच उद्देशून तोंड उघडलं. "पुन्यावरनं नवे दिवे मागवतो मी. उद्याच्या उद्या मागवतो. मंग काय करचाल तुमी?"

माझा पदर डोक्यावरून घसरला होता. हात राखेनं भरलेले, तेव्हा तो मी सावरला नाही. "मागवा की दादा," मी म्हटलं. "राख आपल्या चुलीत रोज होते."

दिवे त्यांनी मागवले नाहीत. आंधळ्या गाडीतून संध्याकाळचं गावभर फिरायला मंडळीही तयार नव्हती. सोमवारी सकाळी किल्ली खुंटीला होती. मी ती घेतली, कोणी निरोप दिला नाही. शाळा सुटल्यावर फाट्यावर गाडी थांबवली, उभ्या होत्या त्यातल्या चौघींना आत घेतलं, डबे-पिशव्या मांडीवर घेऊन त्या दाटीवाटीनं बसल्या, आणि एकेकीला तिच्या वळणावर सोडत मी मळ्यात आले. सासूबाई अंगणात वाट बघत होत्या. गाडीच्या पुढून चालत आल्या आणि पांढऱ्या पडलेल्या दिव्यावरची धूळ पदरानं पुसली.

"दिवं लावावं लागलं का गं वाटंत?" त्यांनी विचारलं.

"नाही, आत्या," मी म्हटलं. "ऊन होतं."